आमच्या हाताच्या मापाचा फोन आहे का?

मोबाइलच्या दुकानात जा आणि बजेट सांगा, पंधरा हजार. काउंटरवरचा दादा पटापट चार डेमो पीस समोर मांडेल. कंपन्या वेगळ्या, रंग वेगळे, मागच्या कॅमेऱ्यांची गोल-चौकोनी नक्षी वेगळी. आता ते चारही फोन एकावर एक ठेवून बघा. माप जवळपास सारखंच, साडेसहा ते पावणेसात इंच! ‘यात जरा छोटा दाखवा ना’ म्हटलं की उत्तर ठरलेलं, ‘छोटा आता येतच नाही. आणि छोट्यात बघणार काय?’ फारच हट्ट धरलात तर बटणांचा फोन पुढे सरकवला जातो.

गंमत बघा. चपलेला नंबर असतो, शर्टात स्मॉल-मीडियम-लार्ज असतं, हेल्मेट डोक्याच्या मापाचं मिळतं, सायकल उंची बघून घेतात. शाळकरी पोराला क्रिकेटची बॅटसुद्धा त्याच्या उंचीची देतात. आणि सकाळच्या अलार्मपासून रात्रीच्या शेवटच्या रीलपर्यंत जी वस्तू हातातून सुटत नाही, तिला मात्र एकच माप! ज्याचा पंजा मोठा त्याची चांदी, बाकीच्यांनी करंगळीचा टेकू द्यायचा.

म्हणून आज थोडं छोट्या फोनच्या बाजूनं. ‘पूर्वी कसे छान मुठीत मावणारे फोन होते’ असा उसासा टाकायला नाही. आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या हातात आलेला पहिला स्मार्टफोनच पाच-साडेपाच इंची होता, त्यामुळे ‘पूर्वी’ आपण बघितलेलंच नाही. प्रश्न आठवणींचा नाही, मापाचा आहे.

‘एवढा मोठा घेणार कोण?’

एकेकाळी हा प्रश्न मोठ्या फोनला विचारला जायचा. २००७ साली पहिला आयफोन आला तेव्हा त्याची स्क्रीन होती साडेतीन इंचांची. जुलै २०१०मध्ये एका पत्रकार परिषदेत स्टीव्ह जॉब्स यांनी मोठ्या फोनची चक्क खिल्ली उडवली होती. ज्याच्याभोवती हाताची पकड बसत नाही असा फोन कुणी घेणार नाही, असा त्यांचा सूर होता. पुढच्याच वर्षी सॅमसंगनं ५.३ इंचांचा गॅलेक्सी नोट बाजारात आणला. कानाला पाटी लावून बोलतोय की काय, अशी त्याची थट्टा झाली. धड फोन नाही, धड टॅबलेट नाही, म्हणून अशा फोनला ‘फॅबलेट’ म्हणायला लागले. हसणारे हसत राहिले, नोट खपत राहिला. २०१४मध्ये ॲपलनं ४.७ इंचांचा आयफोन ६ आणि साडेपाच इंचांचा ६ प्लस आणला, आणि जॉब्स यांचं म्हणणं त्यांच्याच कंपनीनं मोडीत काढलं.

आपल्याकडे या बदलाला खरा जोर आला तो सप्टेंबर २०१६नंतर. जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि बोलायचं यंत्र हे बघायचं यंत्र झालं. मॅच, सिनेमा, सिरीज, क्लास, सगळं त्याच काचेत. बघायचंच म्हटलं की मोठं बरं वाटणार, यात नवल ते काय? कुणी कट करून आपल्या गळ्यात मोठे फोन मारले नाहीत. लोकांनी ते आवडीनं घेतले, हे आधी मान्य करू आणि मग पुढे जाऊ.

इंचांचा घोळ

फोनचा आकार आपण इंचात सांगतो. पण हे इंच म्हणजे स्क्रीनच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर. हाताला मात्र तिरकं अंतर कळत नाही. हाताला कळते ती फोनची रुंदी आणि त्याचं वजन.

दोन उदाहरणं घ्या. २०२०च्या एप्रिलमध्ये आलेला आयफोन एसई ४.७ इंचांचा, आणि त्याच वर्षाच्या शेवटी आलेला आयफोन १२ मिनी ५.४ इंचांचा. मोठा कुठला? स्क्रीन मिनीची मोठी, पण फोन मात्र मिनीच लहान! एसईची रुंदी ६७.३ मिलिमीटर, मिनीची ६४.२. कारण एसईमध्ये स्क्रीनच्या वर-खाली जाड पट्ट्या होत्या, मिनीमध्ये त्या काढून टाकल्या. म्हणजे छोटा फोन मागणारे सगळेच काही छोटी स्क्रीन मागत नसतात. त्यांना मुठीत बसणारी वस्तू हवी असते.

दुसरं उदाहरण त्याहून भारी. ज्या गॅलेक्सी नोटला लोक हसले, त्याची उंची होती साधारण १४७ मिलिमीटर. २०२५मध्ये आलेला सॅमसंगचा गॅलेक्सी एस२५ महागड्या फोनमधला ‘कॉम्पॅक्ट’ म्हणून ओळखला जातो. त्याची उंची? साधारण १४७ मिलिमीटर! रुंदीला तो बराच कमी आहे, हे खरं. पण तेव्हाचा राक्षस आणि आजचं पिल्लू उंचीला एकसारखे निघावेत, यावरून आपली नजर कुठून कुठे सरकली ते कळतं. २०१०चा आयफोन ४ होता ५८.६ मिलिमीटर रुंद आणि १३७ ग्रॅम वजनाचा. २०२४चा १६ प्रो मॅक्स आहे ७७.६ मिलिमीटर रुंद आणि २२७ ग्रॅम वजनाचा. रुंदीत फरक १९ मिलिमीटरचा, म्हणजे दोन सेंटिमीटरसुद्धा नाही. वाचताना तो काहीच वाटत नाही. अंगठ्याला विचारा.

मिनीची गोष्ट

छोट्या फोनचा विषय निघाला की टेकवाली मंडळी लगेच मिनीचा दाखला देतात. तो नीट ऐकायला हवा.

तोवर अँड्रॉइडमध्ये छोटा फोन म्हणजे बहुधा स्वस्तातला, कमी ताकदीचा फोन. सोनीचे ‘कॉम्पॅक्ट’ मॉडेल्स हा त्यातला सन्माननीय अपवाद. ॲपलनं १२ मिनीमध्ये असा दुजाभाव केला नाही. मोठ्या भावाचाच प्रोसेसर, तेच कॅमेरे, तेच ५जी, आणि वजन फक्त १३३ ग्रॅम. मूर्ती लहान पण कीर्ती महान! भारतात किंमत होती ६९,९००, म्हणजे आयफोन १२पेक्षा दहा हजार कमी.

तरीही मिनी अपेक्षेइतका चालला नाही. अमेरिकेतल्या बाजार अभ्यासकांनी सुरुवातीच्या महिन्यांत काढलेला त्याच्या विक्रीचा वाटा पाच-सहा टक्क्यांच्या घरात होता. २०२१मध्ये १३ मिनी आला आणि तोच शेवटचा ठरला. २०२२मध्ये मिनीच्या जागी ६.७ इंचांचा १४ प्लस आला. २०२३मध्ये १३ मिनीचं उत्पादन थांबलं. फेब्रुवारी २०२५मध्ये एसईसुद्धा गेला आणि त्याची जागा ६.१ इंची १६ईनं घेतली. निष्कर्ष तयारच होता: लोक छोटा फोन नुसता मागतात, विकत घेत नाहीत.

हा निष्कर्ष जरा घाईचा आहे. एक म्हणजे १२ मिनी आला कोविडच्या वर्षात. एका हातानं फोन वापरायची गरज पडते ती गर्दीत, प्रवासात, हातात पिशव्या असताना. तेव्हा निम्मं जग घरात सोफ्यावर बसून सिरीज बघत होतं. दुसरं, ज्यांना लहान आयफोन हवा होता त्यांच्यापुढे सहा महिने आधीच स्वस्तातला एसई आला होता. तिसरं, पाच टक्के हा आकडा वाटतो तेवढा लहान नाही. ॲपल वर्षाला वीस कोटींच्या आसपास फोन विकतं. हाच वाटा जगभर धरला तर छोटा फोन घेणारे वर्षाला एक कोटी लोक होतात. एक कोटी लोकांना ‘कुणी नाही’ म्हणायचं?

मात्र कंपन्यांची अडचण अगदीच खोटी नाही. फोनमध्ये प्रोसेसर, कॅमेरा, स्पीकर, चार्जिंगचं सॉकेट यांना ठरावीक जागा लागतेच. फोन लहान केला म्हणून कॅमेरा त्या प्रमाणात लहान होत नाही. मग सगळी काटछाट येते बॅटरीच्या वाट्याला. आयफोन १२ची बॅटरी २८१५ एमएएच होती, १२ मिनीची २२२७. संध्याकाळी चार वाजता फोननं मान टाकली की आकार कितीही गोंडस असला तरी राग येणारच. शिवाय आकार कमी झाला म्हणून बनवायचा खर्च त्या मानानं कमी होत नाही. गिऱ्हाईक मात्र ‘छोटा आहे ना, मग स्वस्त द्या’ म्हणतं. दोन्हीकडून कोंडी.

पण या कोंडीतली एक बाजू आता सैल व्हायला लागली आहे. नव्या सिलिकॉन-कार्बन बॅटऱ्या तेवढ्याच जागेत जास्त चार्ज साठवतात. २०२५मध्ये भारतात आलेले वनप्लस १३एस आणि विवो एक्स२०० एफई हे ‘कॉम्पॅक्ट’ म्हणूनच विकले गेले, आणि बॅटरी छोटी असल्याची तक्रार त्यांच्याबद्दल करता येणार नाही. म्हणजे ‘जमतच नाही’ हे उत्तर यापुढे चालणार नाही.

अंगठ्याची कसरत

माणसं फोन धरतात कशी, हे २०१३मध्ये स्टीव्हन हूबर नावाच्या डिझायनरनं रस्त्यावर, स्टॉपवर, सार्वजनिक ठिकाणी उभं राहून टिपलं. १,३३३ नोंदी. त्यात स्क्रीनला हात लावून काम करत असलेल्यांपैकी ४९ टक्के लोक फोन एकाच हातात धरून वापरत होते. त्यानंतर फोन वाढत गेले, माणसाचा हात तेवढाच राहिला.

ही गोष्ट कंपन्यांना पक्की ठाऊक आहे. २०१४मध्ये आयफोन मोठा केला तेव्हाच ॲपलला त्यात एक सोय द्यावी लागली. होम बटणाला दोनदा हलकेच स्पर्श केला की स्क्रीनचा वरचा भाग खाली सरकतो, अंगठ्याला भेटायला! २०१८मध्ये सॅमसंगनं वन यूआय आणलं आणि बटणं, मेनू स्क्रीनच्या खालच्या अर्ध्या भागात उतरवले. २०२१मध्ये आयफोनच्या सफारीतली पत्त्याची पट्टी वरून तळाला आली आणि त्याच वर्षी अँड्रॉइड १२मध्ये ‘वन हँडेड मोड’ आला. कीबोर्डही एका बाजूला सरकवता येतो. मागे चिकटवायच्या रिंगा आणि पॉपसॉकेट विकत मिळतात ते वेगळंच. थोडक्यात काय, तर आधी हातात मावणार नाही असा फोन द्यायचा आणि मग तो मावावा म्हणून दहा युक्त्या द्यायच्या. नाकापेक्षा मोती जड झाला, तर नाकाला आधार द्यायचा.

आता हे आपल्या रोजच्या जगण्यात आणून बघा. विरार लोकलमध्ये एक हात वरच्या कडीला. एसटीत उभ्यानं प्रवास, एक हात दांड्याला. उरलेल्या हातात फोन. वरच्या कोपऱ्यातलं नोटिफिकेशन उघडायचं तर अंगठा ताणायचा, फोन तळव्यात सरकवायचा, आणि त्या अर्ध्या सेकंदात ब्रेक लागला की फोन थेट समोरच्याच्या पायावर. स्क्रीन बदलायचा खर्च विचारायलाही भीती वाटते.

आणि हा त्रास सगळ्यांना सारखा होत नाही. सरासरीनं बायकांचे हात पुरुषांपेक्षा लहान असतात, हे सांगायला संशोधन नको. समाजशास्त्रज्ञ झेनेप तुफेकी यांनी २०१३मध्येच याबद्दल लिहिलं होतं. इस्तंबूलच्या गेझी पार्क आंदोलनात अश्रुधुराच्या वापराचा पुरावा म्हणून त्या फोटो काढायला गेल्या, आणि आपला फोन एका हातात धरून फोटो काढणं त्यांना जमेना. कॅरोलिन क्रियाडो पेरेझ यांच्या २०१९च्या ‘इनव्हिजिबल विमेन’ या पुस्तकातही फोनच्या आकाराचा मुद्दा येतो. वस्तू बनवताना डोळ्यांसमोर ‘सरासरी माणूस’ ठेवला जातो आणि तो सरासरी माणूस बहुतेक वेळा पुरुष असतो, हे त्या पुस्तकाचं सांगणं.

हात झाला, आता खिसा. २०१८मध्ये ‘द पुडिंग’ या प्रकाशनानं २० ब्रँडच्या ८० जीन्स घेऊन त्यांचे खिसे मोजले. मुलींच्या जीन्सचे पुढचे खिसे मुलांच्या खिशांपेक्षा सरासरी ४८ टक्के कमी खोल निघाले. आपल्याकडच्या कुर्तीला तर बऱ्याचदा खिसाच नसतो! म्हणजे फोन एकतर हातात, नाहीतर सॅकमध्ये. सॅकमधल्या फोनची रिंग ऐकू येत नाही आणि हातातल्या फोनवर चोराची नजर असते. फोन वाढतोय आणि खिसा आखडतोय, या दोन्हींच्या मध्ये उभी आहे ती कॉलेजला निघालेली मुलगी.

मोठा फोन हाच ज्यांचा वर्ग आहे

इथं दुसरी बाजू मांडली नाही तर ती लबाडी होईल. ‘छोटा फोन किती सुटसुटीत’ असं म्हणणाऱ्या बऱ्याच जणांच्या टेबलावर लॅपटॉप असतो. असाइनमेंट तिथं, सिनेमा तिथं, फोन फक्त येता-जाता. पण ज्या घरात फोन हाच एकमेव कम्प्युटर आहे, तिथलं गणित वेगळं. लॉकडाउनमध्ये अख्खी शाळा-कॉलेजं फोनवर भरली. आजही कुठल्या तरी तालुक्याच्या गावी अभ्यासिकेत बसून एमपीएससीची तयारी करणारा विद्यार्थी चारशे पानांची पीडीएफ त्याच स्क्रीनवर वाचतो, लेक्चर त्याच स्क्रीनवर बघतो. त्याला पावणेसात इंचही कमीच पडतात. घरातल्या आजी-आजोबांनाही अक्षरं मोठी लागतात. त्यांच्यासाठी मोठी स्क्रीन ही चैन नाही, सोय आहे. त्यांच्या हातातला मोठा फोन काढून घ्या असं कुणीच म्हणत नाही.

आणखी एक. छोटा फोन घेतला की स्क्रीनचं व्यसन सुटतं, असा एक प्रचार हल्ली चालतो. त्याला भुलू नका. रील ५.४ इंचांवरही तितक्याच सहज सरकते. छोट्या फोनला उगाच भगवी वस्त्रं चढवायचं कारण नाही. त्याचं आकर्षण साधं आहे. खिशातून काढला, काम केलं, परत खिशात टाकला. बसताना टोचत नाही, झोपून वाचताना हात दुखत नाही, नाकावर पडला तरी जीव जात नाही. एखादी वस्तू आपल्या ताब्यात आहे असं वाटणं, हेच त्याचं सुख. एवढं सुख मागायला वैराग्याचं कारण कशाला द्यावं लागतं?

सक्ती आहे, तर मापही द्या

आता मुद्द्याची गोष्ट. दहा-बारा वर्षांपूर्वी स्मार्टफोन ही हौस होती. हौसेच्या वस्तूचं माप आवडलं नाही तर माणूस ती घेत नाही, विषय संपला. आज तशी सोय उरली आहे का? वडापावचे पैसे यूपीआयनं, मार्कशीट डिजिलॉकरमध्ये, परीक्षेचं हॉल तिकीट पोर्टलवर, प्रॅक्टिकलची सूचना व्हॉट्सॲप ग्रुपवर, लोकलचा पास ॲपमध्ये आणि प्रत्येक गोष्टीला ओटीपी. ‘मी स्मार्टफोन वापरत नाही’ असं सांगून एक सेमिस्टर काढून दाखवा! जी वस्तू वापरल्याशिवाय विद्यार्थ्याचं पान हलत नाही, ती सगळ्यांच्या हातात बसेल अशा दोन-तीन मापांत मिळायला हवी, एवढंच आमचं म्हणणं. युनिफॉर्म सक्तीचा करायचा आणि दुकानात फक्त एक्सएल ठेवायचा, हे कुठल्या शाळेत चालेल?

यातही पैशाचा प्रश्न आहेच. वर सांगितलेले वनप्लस आणि विवोचे ‘कॉम्पॅक्ट’ फोन बाजारात आले ते ५५ हजारांच्या घरात, आणि तेही ६.३ इंचांचे. पंधरा-वीस हजारांत मात्र छोटेपणाचं नाव नाही. म्हणजे लहान हाताला साजेसा फोन हवा असेल, तर खिसा मोठा लागतो. घडी घालून लहान होणाऱ्या फ्लिप फोनचीही तीच कथा. हाताचं माप काही बापाच्या पगारावर ठरत नाही. मग निवडीचा हक्क पगारावर का ठरावा?

मागणी करून काही होतं का? पेबल या स्मार्टवॉचचे निर्माते एरिक मिगिकोव्हस्की यांनी २०२२मध्ये छोट्या अँड्रॉइड फोनसाठी सह्यांची मोहीमच काढली होती. हजारोंनी सह्या केल्या. पण आसुस कंपनीचा २०२३चा झेनफोन १० हा ५.९ इंची, लोकांनी नावाजलेला फोन होता, आणि पुढच्या वर्षीचा झेनफोन ११ अल्ट्रा निघाला ६.७८ इंची. म्हणजे नुसत्या कौतुकानं भागत नाही. निदान इतकं तरी करता येईल. फोन घेताना मेगापिक्सेलच्या आधी रुंदी मिलिमीटरमध्ये बघा, वजन ग्रॅममध्ये बघा. एका हातात धरून अंगठा वरच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत पोहोचतो का, ते बघा. आपल्या ग्रुपमधले जे दोस्त फोनचे रिव्ह्यू करतात, त्यांनीही ‘एका हातात कसा वाटतो’ हे सांगायला सुरुवात करावी. सेकंड हँड छोटा फोन घेणार असाल तर बॅटरीची तब्येत आणि सिक्युरिटी अपडेट अजून मिळतात का, हे आधी तपासा. यूपीआय त्याच फोनवर चालणार आहे.

आणि कंपन्यांना एक साधी विनंती. दर वर्षी एकाच किमतीत, एकाच मापाचे, फक्त मागची नक्षी बदललेले डझनभर फोन काढता. त्यातला एक, फक्त एक, ६८ मिलिमीटरच्या आतला आणि वीस हजारांच्या आतला काढून बघा. तो सगळ्यांनी घ्यावा असं मुळीच नाही. ज्यांना मोठा हवा ते मोठाच घेतील, आणि त्यांनी तो खुशाल घ्यावा. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलंय. पण फोन पाहून बोटं पसरावीत, हे कुणी शिकवलेलं नाही. ते आम्ही का शिकावं?